क्लाउडवरील फायली प्रत्यक्षात असतात कुठे?

ग्वाल्हेरच्या लष्कर भागातील दाना ओली ही मराठी कुटुंबांची जुनी वस्ती. समजा, तेथील एका आजोबांनी घरातील मोडी कागद स्कॅन करून संगणकावरील 'वनड्राइव्ह' फोल्डरमध्ये ठेवले आणि पणजीतील नातवाने आपल्या लॅपटॉपवर तेच खाते उघडले. या कागदांच्या आता प्रती किती?

क्लाउड म्हणजे कंपनीच्या डेटा सेंटरमधील संगणक. मायक्रोसॉफ्टची अशी केंद्रे पुणे, मुंबई व चेन्नईतही आहेत. आपली फाइल नेमक्या कोणत्या यंत्रावर आहे, हे मात्र वापरकर्त्याला दिसत नाही.

फोल्डरमध्ये नाव दिसते म्हणून फाइल संगणकात असतेच असे नाही. २०१७ मध्ये विंडोजमध्ये आलेल्या सोयीनुसार, नावाशेजारी ढगाचे चिन्ह असल्यास ती फाइल इंटरनेटवाचून उघडत नाही. पांढऱ्या वर्तुळात हिरवी खूण असल्यास प्रत उतरलेली असते. पण जागा मोकळी करताना ती काढली जाऊ शकते. भरीव हिरव्या वर्तुळात पांढरी खूण असेल, तर ती संगणकावर कायम राहते.

कायम राहते, पण स्वतंत्र नव्हे. खरा घोटाळा इथेच होतो. नातवाने जागेसाठी फोल्डर पुसला, तर तो दाना ओलीतील संगणकावरूनही जातो! वैयक्तिक खात्याच्या ऑनलाइन रिसायकल बिनमधून तो साधारण ३० दिवसांपर्यंतच परत मिळतो. केवळ जागा हवी असल्यास फोल्डरवर उजवी कळ दाबून 'फ्री अप स्पेस' निवडावे. जपायच्या कागदांची प्रत मात्र वेगळ्या हार्ड डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क एरवी संगणकाला जोडून ठेवू नये.