वेबपानावरची खोती

१७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. कोकणात जमीन कूळ कसायचे, सारा सरकारकडे जायचा. पण मधे बसलेला खोत पिकाचा वाटा काढून घ्यायचा. कसणारा एक आणि खाणारा दुसरा, या व्यवस्थेवर तो घाव होता. इंटरनेटच्या पानावर आज हीच लढाई चालू आहे आणि आपण ती 'तांत्रिक बाब' म्हणून सोडून दिली आहे.

सुरुवात वेगळी होती. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्न या युरोपीय संशोधन संस्थेने वेबचे तंत्रज्ञान सर्वांसाठी मोफत खुले केले. लिहिणारा 'हे शीर्षक, हा परिच्छेद' एवढेच सांगायचा. ते दिसणार कसे, हे वाचणाऱ्याचा ब्राउझर ठरवायचा. १९९४ मध्ये हॉकोन विउम ली यांनी सीएसएसची कल्पना मांडली. अक्षर, रंग, मांडणी यांत लेखकाचेही चालावे आणि वाचकाचेही. पण दोघेही हट्टाला पेटले तर कोणाचे चालणार? १९९६ च्या पहिल्या नियमावलीत शेवटचा शब्द लेखकाचा होता. १९९८ च्या दुसऱ्या नियमावलीने तो वाचकाला दिला. ज्याला कमी दिसते त्याला मोठे अक्षर हवे असेल, तर लेखकाच्या हौसेपेक्षा त्याची गरज मोठी, हे मान्य झाले.

या सगळ्यात तिसऱ्याला जागा नव्हती. पण ब्राउझर ज्याच्या हातात, तो मधे घुसलाच. २००१ मध्ये मायक्रोसॉफ्टने नव्या ब्राउझरच्या चाचणी आवृत्तीत 'स्मार्ट टॅग' आणले. लेखकाला न विचारता त्याच्या पानातल्या शब्दांखाली रेघ उमटायची आणि तिथून वाचक मायक्रोसॉफ्टने ठरवलेल्या ठिकाणी जायचा. लेख तुमचा, गिऱ्हाईक त्यांचे! जोरदार टीका झाली आणि जून २००१ मध्येच कंपनीला माघार घ्यावी लागली.

पुढची खोती मात्र सोयीच्या रूपात आली. २०१५ मध्ये गुगलने एएमपी आणले. मोबाइलवर पान झटपट उघडायचे, हे खरे. बदल्यात मांडणी गुगलच्या साच्यातली आणि शोधातून आलेल्या वाचकाला पान मिळायचे गुगलच्याच सर्व्हरवरून. मोबाइलवरच्या ठळक बातम्यांच्या पट्टीत जागा हवी, तर एएमपी घ्यावेच लागायचे. ही अट २०२१ मध्ये उठली. त्याच २०१५ मध्ये फेसबुकने वृत्तपत्रांना आपल्या ॲपमध्येच लेख मांडायला बोलावले. जाहिरात फेसबुकने आणली, तर ३० टक्के वाटा फेसबुकचा. २०२३ मध्ये कंपनीने ती योजना गुंडाळली. आपल्या घराकडे दुर्लक्ष करून तिथे बिऱ्हाड थाटणाऱ्यांना त्याबद्दल कोणी विचारले नाही.

"पण आपल्याला तर सगळे फुकट मिळते," असे आपले कार्यकर्ते म्हणतात. फुकट काही नाही. पान कसे दिसेल हे जो ठरवतो, तोच जाहिरात कुठे बसेल, वाचक पुढे कुठे जाईल आणि त्याची माहिती कोणाकडे राहील हेही ठरवतो. वाटा तिथेच कापला जातो. कुळाला निदान खोत दिसत तरी होता.

१९२० मध्ये 'मूकनायक'ची जाहिरात 'केसरी'ने पैसे देऊनही छापली नाही. बाबासाहेब त्या दारात ताटकळत बसले नाहीत. 'बहिष्कृत भारत', 'जनता', 'प्रबुद्ध भारत' अशी पत्रे त्यांनी चालवली, स्वतःचा छापखाना उभारला. पैशाची चणचण त्यांनाही होतीच.

मित्रांनो, फेसबुक-यूट्यूब सोडा असे मी म्हणत नाही. बाजारात जावेच लागते. पण धान्याचे कोठार बाजारात ठेवायचे नसते. आपले लेख, भाषणे, आंदोलनांच्या नोंदी आधी आपल्या नावाच्या, आपल्या ताब्यातल्या संकेतस्थळावर ठेवा. तिथली लिंक मग हव्या त्या भिंतीवर लावा. प्रत्येक शाखेत एक तरी मुलगा किंवा मुलगी साधे पान स्वतः बांधायला शिकू दे. हे काम अवघड नाही आणि त्याला खोताची परवानगी लागत नाही.

जय भीम!