जिरोलामो कार्दानो : विद्यार्थी आणि फासे

१/४ पाव्हिया व पादुआ विद्यापीठांत वैद्यक शिकणाऱ्या कार्दानोचे (१५०१–१५७६) वडील १५२४ मध्ये वारले. वारशाचा पैसा लवकरच उधळला गेला. मग फासे व पत्ते हेच उपजीविकेचे साधन झाले.

२/४ इतर जुगारी दैवावर विसंबत, तो मोजत असे. दोन फासे ३६ प्रकारे पडू शकतात, तीन फासे २१६ प्रकारे. अनुकूल शक्यतांचे एकूण शक्यतांशी प्रमाण पाहून पण लावावा, हे तत्त्व त्याने द्यूतावरील ग्रंथात मांडले.

३/४ हिशेब साधला, व्यसन मात्र सुटले नाही. पुढे पत्नीचे दागिनेही गहाण पडले. द्यूतापायी प्रतिष्ठा, धन व काळ गमावल्याची कबुली त्याने आत्मचरित्रात दिली आहे.

४/४ तो ग्रंथ १६६३ मध्ये छापला गेला. तत्पूर्वीच, १६५४ मध्ये, पास्कल व फर्मा यांच्या पत्रव्यवहारातून संभाव्यताशास्त्र उभे राहिले होते. जनकत्वाचा मान त्यांना मिळाला.