२९ नोव्हेंबर : अडगावची लढाई आठवते का?

मंडळी, आज २९ नोव्हेंबर. १८०३ साली याच तारखेला तेल्हारा तालुक्यातल्या अडगावला मोठी लढाई झाली. शेगावहून गाडीनं तासा-दीड तासाची वाट. आज सकाळी सिरसोली ते अडगाव पायी चाललो. दोन्हीकडे कपाशी, तूर, उत्तरेला सातपुडा.

दोन महिन्यांपूर्वी असईला जिंकलेला जनरल वेलस्ली इथं भोसल्यांच्या फौजेसमोर आला. हाच पुढे वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा. शिंद्यांशी त्याचा २३ नोव्हेंबरला तात्पुरता तह झाला होता. पण शिंद्यांचं घोडदळ भोसल्यांजवळच आहे, अटी पाळल्या नाहीत, असं म्हणून त्यानं लढाई घेतली. नागपूरकरांकडून रघूजी भोसल्यांचे भाऊ व्यंकोजी उभे होते.

मराठ्यांच्या तोफा सुरू झाल्या आणि कंपनीच्या तीन पलटणी चक्क मागं पळाल्या! वेलस्लीनं स्वतः जाऊन त्यांना पुन्हा रांगेत आणलं. दिवस मावळेपर्यंत निकाल लागला. नंतर चांदण्यात पाठलाग झाला. आपल्या ३८ तोफा गेल्या.

१५ डिसेंबरला गाविलगड पडला आणि १७ ला देवगावचा तह झाला. ओडिशातलं कटक गेलं, वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाडही गेला. तोवर इथं भोसले आणि निजाम अशी दुहेरी वसुली होती. इंग्रजांनी भोसल्यांचा वाटा निजामाला देऊन टाकला आणि १८५३ मध्ये वऱ्हाड त्याच्याकडून स्वतःच्या ताब्यात घेतला. म्हणजे आपले आजे-पणजे कोणाला शेतसारा भरणार, हे ठरवण्यात या शिवाराचा वाटा मोठा.

इंग्रजांनी आपले मेलेले, जखमी, बेपत्ता मोजून लिहून ठेवले. साडेतीनशेच्या थोडे वर. त्यातही बरेचसे मद्रासकडचे देशी शिपाईच. आणि मराठ्यांकडचे किती पडले? नुसते अंदाज. नावं तर नाहीतच.

इतिहास म्हटला की आपण पानिपतला जातो. जावंच. पण तेल्हारा, अकोट, शेगावच्या गुरुजींनो, पुढच्या २९ नोव्हेंबरला पोरांना एक दिवस इथंही आणा. तिकीट नाही, गाईड नाही. नकाशा घ्या, धुऱ्यानं चाला, कोणाची कपाशी तुडवू नका. आणि अडगावच्या जुन्या माणसांकडं या लढाईच्या ऐकीव गोष्टी असतील, तर कमेंटमध्ये जरूर लिहा. ती माणसं आहेत तोवरच विचारता येईल.