शब्दवेध : स्ट्रोब

ग्रीक भाषेत 'स्ट्रोबॉस' म्हणजे गरगर फिरणे. लखलखाटाशी मुळात त्याचा काही संबंध नाही. १८३२च्या सुमारास व्हिएन्नाच्या सायमन श्टाम्पफर यांनी फटी पाडलेल्या फिरत्या तबकड्यांतून चित्रे हलती करून दाखवली आणि त्या खेळण्याला या शब्दावरून नाव दिले. पुढे एमआयटीत हॅरोल्ड एजर्टन यांनी फटींऐवजी विजेचा दिवा चमकवला आणि नाव दिव्यालाच चिकटले.

गंमत म्हणजे, गरगरण्यावरून नाव पडलेला हा दिवा गरगरणाऱ्याला थांबवतो. मिनिटाला १५०० फेरे घेणाऱ्या चाकावर खडूने खूण करा आणि सेकंदाला २५ वेळा दिवा चमकवा. खूण जागच्या जागी खिळलेली दिसते. चाक किंचित मंदावले, की खूण चक्क उलटी सरकू लागते! जुन्या मोटारींचे मेकॅनिक टायमिंग लाइटने इग्निशन असेच जुळवत.

विमानाच्या पंखांच्या टोकांवर लुकलुकणारे पांढरे दिवेही स्ट्रोबच. आणि मिरवणुकीतल्या डीजेसमोरचे? सेकंदाला ३ ते ३० वेळा चमकणाऱ्या प्रकाशाने अपस्माराच्या काही रुग्णांना फिट येऊ शकते. पण तशी पाटी तिथे लावतो कोण?