गार्मा महोत्सव : जिथे चित्र आणि गाणे हाच जमिनीचा सातबारा

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य आर्नहेम लँडमध्ये गुल्कुला नावाचे ठिकाण आहे. निलगिरीच्या जंगलातील या पठारावर ऑगस्टच्या सुरुवातीला चार दिवस गार्मा महोत्सव भरतो. तिथले यजमान आहेत या भूमीचे मूळ रहिवासी, योलंगू लोक.

महोत्सव कोणी सुरू केला?

पहिला गार्मा १९९९ मध्ये झाला. त्यामागे योथु यिंदी फाउंडेशन ही योलंगूंची संस्था आहे. याच नावाचा त्यांचा बँडही होता. ‘ट्रीटी’ म्हणजे ‘तह’ या १९९१ मधील गाण्यामुळे तो देशभर गाजला. ‘योथु यिंदी’ म्हणजे मूल आणि आई. योलंगू समाजाचे धुवा आणि यिरित्जा असे दोन भाग असून लग्न एका भागातून दुसऱ्या भागात होते. त्यामुळे आई एका भागाची, तर मूल वडिलांच्या भागाचे असते. दोन वेगळ्या बाजूंना जोडणारे हे नाते त्या नावात आहे.

तिथे काय पाहायला मिळते?

दुपार कलली की ‘बुंगुल’ सुरू होतो. अंगाला पांढरी माती लावलेले नर्तक वाळूच्या मैदानात उतरतात. साथीला ‘बिल्मा’ म्हणजे लाकडी टिपऱ्या आणि ‘यिदाकी’ असते. जग यिदाकीला डिजेरिडू म्हणून ओळखते. वाळवीने आतून पोखरलेले निलगिरीचे खोड निवडून हे वाद्य बनवतात.

अंधार पडल्यावर झाडांमध्येच चित्रांचे प्रदर्शन मांडले जाते. दिवसा चर्चासत्रे होतात. तिथे शिक्षण, आरोग्य आणि जमिनीचे हक्क या विषयांवर मंत्र्यांनाही प्रश्न विचारले जातात.

चित्राचा जमिनीशी काय संबंध?

योलंगू कुळांची नक्षी, गाणी आणि नाच ठरलेले असतात. कोणती नक्षी कोणी रंगवायची, कोणते गाणे कोणी म्हणायचे, याचे नियम आहेत. पूर्वज कुठून आले आणि कोणती जागा कोणत्या कुळाची, हे त्यातून सांगितले जाते. आपल्याकडे जे काम सातबारा करतो, ते तिथे चित्र आणि गाणे करतात.

म्हणूनच १९६३ मध्ये बॉक्साइटच्या खाणीसाठी जमीन घेतली गेली, तेव्हा यिर्काला इथल्या योलंगूंनी संसदेकडे झाडाच्या सालीवरचे अर्ज पाठवले. मजकूर योलंगू भाषेत व इंग्रजीत होता आणि भोवती कुळांची नक्षी रंगवलेली होती. खाण मात्र थांबली नाही. १९७१ मध्ये ते न्यायालयातही हरले. पुढे १९७६ मध्ये नॉर्दर्न टेरिटरीसाठी जमीन हक्क कायदा झाला.

आजही हा प्रश्न जिवंत का आहे?

२०२२ च्या गार्मामध्ये पंतप्रधान अँथनी अल्बानीज यांनी आदिवासींना संसदेपुढे म्हणणे मांडणारा घटनात्मक मंच देण्याच्या सार्वमताचा मसुदा जाहीर केला. ऑक्टोबर २०२३ मध्ये सुमारे ६० टक्के मतदारांनी तो नाकारला. मात्र मार्च २०२५ मध्ये याच भागातील गुमाज कुळाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की खाणीसाठी गेलेल्या पारंपरिक हक्काबद्दल भरपाई मागता येते.

हा खटला उभा करणारे गालारवुय युनुपिंगू गार्माच्या संस्थापकांपैकी एक होते. निकाल ऐकायला ते राहिले नाहीत. त्यांचे निधन एप्रिल २०२३ मध्ये झाले.