व्हिक्टोरियाकालीन घरे आणि जीर्णोद्धाराचा संस्कार

ट्रॉम्बेच्या शेजारच्या कुर्ल्यातील पिवळसर दगड मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई मनोऱ्यात बसविलेला आहे. 1869 ते 1878 या काळात उभारलेल्या या मनोऱ्यासाठी जैन श्रेष्ठी प्रेमचंद रायचंद यांनी दोन लाख रुपयांचे दान दिले व त्यास आपल्या मातोश्रींचे नाव दिले. दृष्टी गेलेल्या राजाबाईंना सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची वेळ घंटानादाने कळावी, हा त्यामागील हेतू होता, असे सांगितले जाते. मनोरा सर्वपरिचित आहे. शेठजींचे राहते घर मात्र विस्मरणात गेले.

भायखळ्यातील ‘प्रेमोद्यान’ हा त्यांचा बंगला. पुढे तेथे रेजिना पासिस कॉन्व्हेंटचा अनाथाश्रम व शाळा सुरू झाली. धनी बदलले, पण वास्तू ओस पडली नाही. वापरातील घराची देखभाल होते. बंद घर वाळवी व पावसाच्या स्वाधीन होते.

त्या काळातील बंगल्यांत मुंबईच्या हवामानाचा बारकाईने विचार केलेला आढळतो. खोल व्हरांडा, उंच छत, झडपांच्या खिडक्या, सागवानी तुळया, ओतीव लोखंडाचे कठडे आणि उतरते कौलारू छप्पर ही त्यांची लक्षणे. दगडी भिंती चुन्यात बांधलेल्या असत. चुना ओल शोषतो आणि उन्हाळ्यात ती बाहेर सोडतो. अशा भिंतीला सिमेंटचा गिलावा केला की ओल आत कोंडते, तुळयांची टोके कुजतात व दगड झडू लागतो. अजाणतेपणी केलेली दुरुस्तीच घराच्या मुळावर येते.

गिरगावातील खोताच्या वाडीत एकेकाळी सुमारे 65 जुनी घरे होती. आज त्यांतील निम्मीही उरलेली नाहीत. जमिनीचे वाढते भाव हे त्याचे एक कारण. अन्यत्र 1947 च्या भाडे नियंत्रण कायद्याने भाडी गोठली आणि मालकांना दुरुस्ती परवडेनाशी झाली. 1995 पासून मुंबईत वारसा वास्तूंच्या जतनासाठी नियमावली लागू आहे. परंतु केवळ यादीत नाव आल्याने गळके छप्पर दुरुस्त होत नाही.

नवे मंदिर बांधण्यापेक्षा जीर्णोद्धाराचे पुण्य आठपट, असे जैन परंपरा मानते. मंदिराविषयीची ही दृष्टी पूर्वजांच्या घरालाही लाभावी. पावसाळ्यापूर्वी कौले चाळणे, चुन्याचे काम जाणणारा गवंडी शोधणे, वाळवी वेळीच रोखणे, एवढ्या नित्याच्या काळजीनेही एखादे घर पुढील पिढीच्या हाती सुखरूप सोपविता येते.