एमपीडीए लागला तर घरच्यांनी काय बघायचं?

'अमक्यावर एमपीडीए लावला' असं गावात म्हणतात, पण ती शिक्षा नव्हे. १९८१ च्या या कायद्याने हातभट्टीवाले, वाळू तस्कर, धोकादायक व्यक्ती यांना पुढचा गुन्हा होऊ नये म्हणून आधीच स्थानबद्ध करतात, जास्तीत जास्त १२ महिने. ग्रामीण भागात आदेश जिल्हाधिकारी काढतात. यात नेहमीसारखा जामीन नाही. म्हणून तारखा लिहून ठेवा.

ताब्यात घेतल्यापासून ५ दिवसांत कारणं लेखी, त्या माणसाला कळेल अशा भाषेत मिळाली पाहिजेत. आदेशाला १२ दिवसांत राज्य सरकारची मंजुरी लागते. ३ आठवड्यांत प्रकरण सल्लागार मंडळापुढे ठेवावं लागतं. तिथे वकील उभा करायचा हक्क नाही, त्यामुळे लेखी निवेदन आधीच नीट तयार करून द्या.

हायकोर्टात हेबियस कॉर्पस याचिका करता येते. गुन्हा खरा की खोटा, हे कोर्ट तिथे ठरवत नाही. कागदपत्रं दिली का, निवेदनावर उशीर झाला का, आणि मुख्य म्हणजे सार्वजनिक सुव्यवस्था खरंच बिघडत होती का, हे बघतं. दोघांच्या भांडणाला नेहमीचा कायदा पुरेसा आहे. डिसेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने महाराष्ट्रातला हातभट्टीच्या गुन्ह्यांवरून काढलेला असाच एक आदेश रद्द केला. त्या गुन्ह्यांत पोलिसांना अटकसुद्धा गरजेची वाटली नव्हती, आणि गुप्त साक्षीदारांचे जबाब ठोकळेबाज होते.

आदेश रद्द झाला तरी मूळ खटले मात्र चालूच राहतात.